ताप आलेल्याला घरी राहू द्या

काल संध्याकाळी माझ्या दवाखान्याचं बाकडं भरलं, मग जिना भरला, मग माणसं खाली सायकलच्या दुकानापर्यंत उभी राहिली. अर्ध्याहून जास्त जणांचं सांगणं एकच. एकदम ताप चढला. हाडं न् हाडं ठणकतायत. घसा सोलल्यासारखा झालाय आणि कोरडा खोकला थांबत नाही. एक तरुण मुलगा म्हणाला, "डॉक्टर, दुपारी जेवलो तेव्हा ठणठणीत होतो. पाच वाजता उठून उभं राहता येईना." साधं पडसं दबकत येतं, नाक गळायला लागतं, मग कणकण. फ्लू तसा येत नाही. तो एका दुपारीत माणसाला आडवा करतो. तो आपल्या पेठेत शिरलाय.

गणपती बारा दिवसांवर आलेत. अजून वेळ आहे, म्हणून घाईघाईने हे लिहिते आहे. हे वाचून बाजूला ठेवू नका. घरात मोठ्याने वाचा. जिन्यात चिकटवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पुढचे बारा दिवस तुम्ही काय करता यावर या वर्षी आपल्या किती घरांत आरती होईल आणि किती घरांतली माणसं हॉस्पिटलच्या बाहेर बसलेली असतील, हे बरंचसं ठरणार आहे.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, कारण ती कुणाचीही असू शकतात.

तिसरीतला एक मुलगा. सोमवारी पहाटे अंग तापलेलं. आईने कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, एकशे एक. त्या दिवशी शाळेत घटक चाचणी होती. आईने साडेसहाला पॅरासिटामॉलचं औषध पाजलं, सातपर्यंत ताप उतरला, पोर हसायला लागलं, तिने त्याला व्हॅनमध्ये बसवलं. बाहेर पाऊस. व्हॅनच्या काचा बंद. आत मांडीला मांडी लावून बसलेली पोरं. दहा वाजता औषधाचा असर संपला आणि पोर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपलं. बुधवारी त्याच्या वर्गातली तीन मुलं माझ्याकडे आली. गुरुवारी व्हॅनवाले काका आले, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. मी त्यांना म्हटलं, पाच दिवस गाडी काढू नका. ते म्हणाले, "बघतो." रविवारी रात्री साडेनऊला तेच काका आईला दोन्ही हातांवर उचलून जिना चढले. पंचाहत्तरीच्या बाई, जुना मधुमेह. ओठ काळेनिळे पडलेले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा शहाऐंशी. मी १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. त्या वाचल्या. परवा त्यांचा ऑक्सिजन काढला. पण तीन रात्री त्या घरातल्या कुणाच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

मुलाकडूनच काकांना लागण झाली असं मी शपथेवर सांगू शकत नाही. विषाणू कुणाचं नाव लिहून ठेवत नाही. पण दिवस जुळतात. फ्लू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी, डोकं वर काढतो. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच आपण तो दुसऱ्याला द्यायला लागतो. पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. सगळ्यात जास्त देतो ते पहिल्या तीन-चार दिवसांत, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा आपण गोळी घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणत बाहेर पडतो.

हे एक वाक्य पाठ करा. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार उतरला असं नाही. गोळी ताप झाकते, विषाणू तिथेच असतो.

त्या आईला मी रागावले नाही. तुम्हीही रागावू नका. तिला सगळं माहीत होतं. कोरोनातून गेलेल्या आपल्या शहरात आजार कसा पसरतो हे कुणालाच शिकवायची गरज उरलेली नाही. तिच्या नोकरीत एक दिवस बुडाला की पगार कापला जातो. मुलाच्या शाळेत वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्र देतात. चाचणी बुडाली तर पुन्हा घेत नाहीत. व्हॅनवाल्या काकांच्या गाडीचा हप्ता आहे. त्यांनी पाच दिवस गाडी काढली नाही तर पालक महिन्याच्या पैशांतून तेवढे दिवस वजा करतात. सव्वीस वर्षं या पेठेत नाडी बघून मला एक कळलंय. माणसं आजारी असताना बाहेर पडतात, कारण घरी बसणं त्यांना परवडत नाही. अडाणीपणाशी याचा फारसा संबंध नाही.

म्हणून माझी पहिली विनंती आजारी माणसाला नाही. ती तुम्हाला आहे, तुम्ही जे अजून धडधाकट आहात, आणि ज्यांच्या हातात दुसऱ्या कुणाची तरी सुट्टी आहे. नीट आठवून बघा, ती तुमच्या हातात आहेच.

तुमच्याकडे धुणं-भांडी करायला मावशी येतात. त्या सकाळपासून पाच घरं करतात, त्यांपैकी एखाद्या घरात तरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असतं. आज त्यांना सांगा. "मावशी, अंगात कणकण वाटली तर येऊ नका. फोन करा. पैसे कापणार नाही." हे तोंडाने म्हणा. मनात म्हणून उपयोग नाही, त्यांना ते ऐकू येत नाही. त्या चार दिवस आल्या नाहीत तर आपल्या घरातली भांडी आपण घासू. जमतं.

तुम्ही दुकानदार आहात. गणपतीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, एक माणूस कमी झाला की किती ओढाताण होते हे मला माहीत आहे. पण खोकणारा एक सेल्समन आठवडाभर काउंटरवर उभा राहिला तर ऐन सणात तुमचे चौघे आडवे होतील. त्याला आज घरी पाठवा. त्याची हजेरी लावा.

शाळेच्या मुख्याध्यापकांनो, बाईंनो, तुमच्यापुढे मी हात जोडते. तुम्ही एक सूचना काढलीत तर ती माझ्या हजार औषधांच्या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त मुलं वाचवेल. आजारपणात चुकलेली चाचणी पुन्हा घेऊ, एवढंच लिहा. शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र या वर्षी बाजूला ठेवा. एखादं पोर वर्गात डोकं टेकून बसलेलं दिसलं तर पालकांना फोन करा, आणि ते येईपर्यंत त्याला उघड्या खिडकीपाशी वेगळं बसवा. आणि व्हॅनवाल्यांचे पैसे कापू नका, ही विनंती सगळ्या पालकांना. काकांना बरं नसेल तर ते गाडी काढणार नाहीत, आणि ते आपल्याच लेकरांच्या भल्याचं आहे.

हे सांगायचा अधिकार मला आहे का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. कारण हीच चूक मी केलेली आहे.

ऑगस्ट २००९. त्या महिन्याच्या तीन तारखेला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून शहर बदललं. शाळा बंद झाल्या. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा लागल्या. एरवी ज्या रस्त्यांवर खांद्याला खांदा लागतो तिथे माणसं तोंडाला रुमाल बांधून लांबलांबून चालायला लागली. रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी, खिशात निलगिरीची बाटली. तेव्हा माझ्या दवाखान्यात रोज झुंबड असायची. एका संध्याकाळी मला हुडहुडी भरली. मला माहीत होतं काय आहे ते. तरी मी गोळी घेतली आणि दोन दिवस दवाखाना उघडला. लोक आलेत, त्यांना परत कसं पाठवायचं? मला वाटलं ही सेवा आहे. त्या दोन दिवसांत एक गरोदर मुलगी रक्तदाब बघायला येऊन गेली, सातवा महिना. चौथ्या दिवशी ती तापाने फणफणून हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिला माझ्याकडूनच लागलं का? मला कधीच कळणार नाही. ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहिले, हे माझं नशीब. ते बाळ आता कॉलेजात जातं. रस्त्यात दिसलं की मान लववून "नमस्कार डॉक्टर" म्हणतं, आणि दर वेळी माझ्या पोटात तसाच खड्डा पडतो.

तेव्हापासून ताप आला की मी दाराला पाटी लावते. तुम्हीही लावा. आपल्यावाचून काही अडत नाही, हे कबूल करायला थोडं जड जातं एवढंच.

त्या वर्षीचा विषाणू कुठे गेला, असं लोक विचारतात. तो कुठेही गेला नाही. तो आता दरवर्षीच्या फ्लूत मिसळून आपल्यातच राहतो. आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा उसळी घेतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीच्या शेवटाला. पावसाळ्यात खिडक्या बंद, कपडे घरात वाळत घातलेले, माणसं दाटीवाटीने आत. त्याला आणखी काय हवं? बहुतेकांना तो आठवडाभर छळून सोडून देतो. पण प्रत्येक घरात एक माणूस असं असतं ज्याला तो सोडत नाही. पाच वर्षांखालचं मूल. गरोदर सून. पासष्टीच्या पुढचे आईबाबा. मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेलं कुणीही. तुमच्या घरातलं ते माणूस कोण, हे आत्ता डोळ्यांसमोर आणा. त्या माणसाचा चेहरा समोर ठेवून पुढचं वाचा.

घरात कुणाला ताप आला तर काय कराल? त्याला वेगळी खोली द्या. वाड्यातल्या दोन खोल्यांत वेगळी खोली कुठून आणायची, हे मला कळतं. मग निदान खिडकीखालची जागा द्या, खिडकी उघडी ठेवा, पावसाचे चार थेंब आत आले तर येऊ द्यात. त्याचा पेला, ताट, टॉवेल वेगळा ठेवा. सेवा एकाच माणसाने करावी, आणि ते माणूस धडधाकट असावं. सगळ्या घराने उशाशी गोळा होऊ नये. आजीला नातवाच्या उशाशी बसू देऊ नका, ती कितीही हट्ट करो. जवळ जाताना दोघांच्याही तोंडाला मास्क हवा. कोरोनातले मास्क माळ्यावर असतील तर काढा. खोकला आला तर हातावर खोकू नका, कोपरात खोका. तोच हात दाराच्या कडीला लागतो, जिन्याच्या कठड्याला लागतो, लिफ्टच्या बटणाला लागतो, आणि अशा टणक पृष्ठभागावर हा विषाणू दिवसभर, कधी दोन दिवसही तग धरतो. म्हणून हात धुवा. नुसते पाण्याखाली धरू नका. साबण लावून बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, सावकाश वीस आकडे मोजेपर्यंत चोळा. आणि रस्त्यात थुंकू नका. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगते.

आणि घरी किती दिवस राहायचं? गोळी न घेता ताप पूर्ण उतरला, त्यानंतरही चोवीस तास गेले, मग बाहेर पडा. "गोळी न घेता" हे शब्द विसरू नका.

आजाऱ्याला बघायला जायची आपली जुनी पद्धत. दोन मोसंबी घेऊन जायचं, पलंगाच्या कडेला बसायचं, पाठीवरून हात फिरवायचा. ती माया मोडू नका, तिची वाट बदला. याबद्दल एक सांगते. १९१८ साली हाच आजार आपल्याकडे आला होता. आपल्या पणज्या त्याला मानमोडी म्हणायच्या. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरून तो शहरात शिरला, पावसाळा संपता संपता दुसऱ्यांदा उसळला, आणि ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. आगगाडीच्या रुळांवरून तो गावोगाव पोचला. देशभरात एक कोटीहून जास्त लोक गेले. लस नव्हती, ऑक्सिजन नव्हता, काही नव्हतं. माझ्या सासूबाई त्यांच्या आजीची हकिकत सांगायच्या. गावात शेजारचं अख्खं घर मानमोडीने अंथरुणाला खिळलेलं. आजी रोज पहाटे त्यांच्या उंबऱ्यावर भरलेली घागर आणि पेजेचं भांडं ठेवून यायची, हाक मारायची आणि मागे सरायची. दुसऱ्या दिवशी घागर रिकामी दिसली की तिला कळायचं, आत कुणीतरी उठून पाणी घेतंय. एके सकाळी घागर भरलेलीच होती. तेव्हा मात्र ती थांबली नाही, तोंडाला पदर गुंडाळून आत गेली.

मला ती घागर फार आठवते सध्या. कारण आपल्या पेठेत अशी कितीतरी दारं आहेत.

कॉट बेसिसवर राहणारी मुलं. परभणीहून, जालन्याहून, नंदुरबारहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली. एका खोलीत चार कॉट, मधे चालायला वीतभर जागा. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. परवा त्यांच्यातला एक माझ्याकडे आला. एकशे तीन ताप. विचारलं, जेवलास का? म्हणाला, दोन दिवस मेसला जाता आलं नाही, बिस्किटं खाल्ली. घरी कळवलंस का? नाही, आई घाबरेल. त्याला वेगळं झोपायला जागा नाही, पेज करून द्यायला कुणी नाही, आणि परीक्षा तोंडावर आली म्हणून तो तसाच खोकत अभ्यासिकेत जाऊन बसला होता. शेजारी साठ मुलं, एसी चालू, खिडक्या बंद.

घरमालकांनो, ही मुलं भाडेकरू आहेत हे खरं, पण ती कुणाचीतरी लेकरं तुमच्या छपराखाली झोपतात. आज रात्री वर जा. दार वाजवून विचारा, कुणाला बरं नाही का? असेल तर बाकीच्यांची दोन दिवस गच्चीवरच्या खोलीत, हॉलमध्ये, जिथे जमेल तिथे सोय करा. शेजारच्या वहिनींनो, काकूंनो, तुमच्या कुकरमध्ये एक मूठ तांदूळ जास्त टाका. मऊ भात, वरून तूप-मीठ, डबा दाराशी ठेवा आणि फोन करा. संध्याकाळी डबा रिकामा झालाय का, एवढं बघा. मेसवाल्यांनो, आजारी मुलाचा डबा खोलीवर पोचवा, आणि न जेवलेल्या दिवसांचे पैसे पुढे ढकला. अभ्यासिकेच्या चालकांनो, एसी बंद करा, खिडक्या सताड उघडा, एक खुर्ची सोडून बसवा. खोकणाऱ्या मुलाला परत पाठवा, पण त्याची जागा जाणार नाही असं सांगून पाठवा. त्याला जागेचीच भीती असते.

आता मंडळाच्या पोरांनो, तुमच्याशी बोलते. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर मोठे झालात. तुमच्यातल्या निम्म्यांना मी इंजेक्शनं दिली आहेत आणि तुम्ही माझ्या हाताला चावला आहात. उत्सव बंद करा असं मी म्हणणार नाही. पण उत्सवात कार्यकर्ता आजारी असेल तर त्याला मांडवात उभा करू नका. वर्गणीला दारोदार हिंडायला पाठवू नका. ढोल-पथकात सराव करताना पाण्याची एकच बाटली तोंडातोंडी फिरते, ती थांबवा. ज्याची त्याची बाटली. मांडव तिन्ही बाजूंनी कापडाने बंद करू नका, वारा खेळू द्या. प्रसाद मुठीने वाटू नका, चमच्याने द्रोणात द्या. आरतीला दाटीने उभे राहण्यापेक्षा दोनदा आरती करा. मांडवाशी एक साबण आणि पाण्याचा नळ हवाच. आणि आजारी घरांची एक यादी ठेवा. कुणाला औषध आणून द्यायचं, कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं. १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी या पेठांत शिरलं तेव्हा माणसांनी माणसांना खांद्यावरून बाहेर काढलं. तुमच्या आजोबांनी ते केलं. तुम्हाला तर फक्त फोन आणि मोटारसायकल लागणार आहे.

ज्यांना घरच्या गणपतीला यायचं आमंत्रण आहे त्यांनीही ऐका. ताप-खोकला असेल तर जाऊ नका. यजमानांनो, रुसू नका. न आलेला पाहुणा तुमच्या आईची काळजी करत असतो.

लसीबद्दल थोडं. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दरवर्षी थोडा रूप बदलतो आणि लसही त्याप्रमाणे बदलते. गेल्या वर्षी घेतली होती म्हणून या वर्षी चालेल असं नाही. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कुणालाही देता येते. गरोदर स्त्रीलाही देता येते, आणि आईने घेतलेली लस तिच्या तान्ह्या बाळालाही पहिले काही महिने जपते, ज्या बाळाला स्वतःला अजून लस देता येत नाही. आपल्या राज्यात सरकारी दवाखान्यांतून जोखमीच्या लोकांना ती मोफत देण्याची सोय केलेली आहे. महापालिकेच्या दवाखान्यात उद्याच चौकशी करा. अंगी लागायला तिला साधारण दोन आठवडे लागतात. आज घेतलीत तर विसर्जनाच्या आत ती कामाला लागेल. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे मी लपवत नाही. पण मग बहुतेकदा तो थोडक्यात निभावतो, ऑक्सिजन लावायची वेळ फार कमी वेळा येते. तुमच्या आईवडिलांसाठी तेवढंच पुरेसं नाही का?

औषधांचं म्हणाल तर मेडिकलमधून अँटिबायोटिक मागून आणू नका. विषाणूवर ते चालत नाही. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नका. काढा घ्या, वाफ घ्या, गरम पाणी प्या, घशाला बरं वाटतं, पण काढा घेतला म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका. फ्लूवर विषाणूरोधक गोळी आहे. ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची, आणि ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू झाली तर तिचा खरा गुण येतो. म्हणून घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान मूल किंवा जुना आजार असलेलं कुणी असेल आणि त्याला ताप आला, तर "दोन दिवस बघू" म्हणू नका. पहिल्याच दिवशी दाखवा. येण्याआधी फोन करा, म्हणजे मी तुम्हाला गर्दीत बसवणार नाही, मागच्या दाराने घेईन.

आणि ही लक्षणं दिसली तर माझीही वाट बघू नका. दम लागणं. छातीत दुखणं. ओठ, नखं निळसर होणं. बोलण्यात भरकटणं, हाक मारली तरी गुंगीत राहणं. थुंकीतून रक्त. लहान मूल दूध-पाणी घेत नसेल, श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील, लघवी फार कमी झाली असेल. आणि एक फसवं लक्षण, ज्याने माझे काही रोगी हातातून निसटता निसटता वाचले. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि मग पुन्हा जोरात चढतो. ते न्यूमोनियाचं असू शकतं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडलाय ना? बाहेर काढा, सेल बदला. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी जाऊ, असं काही मनात आणू नका. १०८ फिरवा. निघा.

मी पुढचे बारा दिवस दवाखाना रात्री अकरापर्यंत उघडा ठेवते आहे. तापाचे रोगी आणि बाकीचे रोगी यांच्या वेळा वेगळ्या केल्या आहेत, पाटी खाली लावली आहे. माझ्याकडून जे होईल ते मी करीन. पण दवाखान्यात माणूस येतो तोवर आजार त्याच्या घरात, वर्गात, व्हॅनमध्ये फिरून आलेला असतो. तिथे मी पोचू शकत नाही. तिथे तुम्ही आधीच आहात.

मावशींना आत्ता फोन करा, त्या निजायच्या आत. वरच्या मजल्यावरच्या मुलांचं दार वाजवून या. आणि उद्या सकाळी सातला व्हॅनचा हॉर्न वाजेल, त्याआधी, औषधाची बाटली उघडायच्या आधी, लेकराच्या कपाळाला एकदा हात लावून बघा. गरम लागलं तर त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करा आणि खिडकीतून काकांना सांगा, आज येत नाही.